रिकाम्या खांबापुढचा पेला

मोएलांगीने बाजारात तारोच्या कंदांचा भाव विचारला तरी विकणारी बाई दचकायची.

"कोण गेलं?" असं तिच्या तोंडून आधी निघायचं. मग ती जीभ चावायची आणि दोन कंद जास्तीचे टाकायची. मोएलांगी हसत हसत पिशवी उचलायची.

हा तिच्या आवाजाचा परिणाम. आमच्या बेटाच्या राजधानीत, आपियाच्या रेडिओवर ती वीसेक वर्षे मृत्यूच्या बातम्या वाचत होती. संध्याकाळी, प्रार्थनेच्या आधी, घरोघर रेडिओ लागतो. तिचा आवाज आला की हातातली पळी हातातच राहते. कुठल्या घराण्यातला, कुठल्या गावचा, माती कधी. 'मेला' हा शब्द तिने कधी उच्चारला नाही. मोठा मानकरी गेला की ती 'ढग सरले' म्हणायची आणि क्षणभर थांबायची.

"नाव आधी घेतलं की माणूस पुढचं ऐकतच नाही," ती मला एकदा म्हणाली. "आधी घराणं सांगायचं, मग गाव. ऐकणाऱ्याला त्याच्या पायांनी तिथवर येऊ द्यायचं."

समुद्रापलीकडच्या सुवाहून साहित्याची पदवी घेऊन मी गावी परतले तेव्हा पुस्तकांविषयी बोलायला तीच एक होती. आमच्या वयात तीस वर्षांचं अंतर. मी तिला मावशी म्हणते. ती मला 'पदवीधर' म्हणते, आणि ते कौतुक नसतं.

ती जाडजूड, जाड भिंगांची, कायम विणलेला पंखा हातात. रोज डोंगर ओलांडणाऱ्या बसने राजधानीला जायची. ड्रायव्हरच्या मागची जागा तिची. तिथे दुसरं कुणी बसत नसे. शेजारी तर कुणीच नाही.

तिने भुताची कादंबरी लिहिली ती रेडिओच्या जेवणाच्या सुटीत. चर्चच्या छापखान्यात छापली. मुखपृष्ठावर चित्र नव्हतं.

गोष्ट एवढीच. एका गावचा मोठा मानकरी वारतो. त्याचा मान कुणी घ्यायचा यावरून दोन मुलं भांडतात. निकाल लागेपर्यंत घराच्या गोल टोकाचा त्याचा खांब रिकामा ठेवतात. आमच्या घरांना भिंती नसतात, नुसते खांब. खांब म्हणजे जागा, आणि जागा म्हणजे माणूस. बैठकीत कोण कुठल्या खांबाला पाठ लावून बसतो यावरून तो कोण ते ठरतं. रोज संध्याकाळी घरातले सगळे प्रार्थनेला बसतात, डोळे मिटतात. आणि मानकऱ्याच्या मुलीला त्या खांबाच्या काथ्याच्या बांधणीचा करकर आवाज येतो. बाप टेकून बसायचा तेव्हा यायचा, तोच. ती डोळे उघडत नाही. शेवटच्या पानापर्यंत उघडत नाही.

मी ते भर दुपारी वाचलं, समुद्राकाठी, शेजारी पोरं फुटबॉल खेळत असताना. तरी मी उठून पाठ नारळाच्या झाडाला लावून बसले. मग झाडापासून सरकून बसले.

पाद्रीबाईंनी पुस्तक वाचायला नेलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळीच परत केलं. "चांगलं आहे," त्या म्हणाल्या. "पण घरात नको."

पुस्तकावर सिनेमा करायचं फिलेमोनीच्या मनात आलं. फिलेमोनी मोएलांगीच्या चुलतबहिणीचा मुलगा. ऑकलंडमध्ये वाढला, तिथेच सिनेमाचं शिकला. त्याच्या आईने त्याला पुस्तक मोठ्याने वाचून दाखवलं होतं. पैसा आणणारी परदेशी बाई ग्वेंडा. उंच, सरळ, मनातलं तोंडावर बोलणारी. तिने आधी तीन सिनेमे काढले होते आणि करारात शेवटचा शब्द तिचा होता.

पहिल्या दिवशी गावाने रीतसर स्वागत केलं. मोठ्या घरात सगळे मानकरी आपापल्या खांबाला बसले. लाकडी कठवतीत आवा, मुळं कुटून केलेलं मानाचं पेय, कालवला. पुकारणाऱ्याने एकेकाच्या पेल्याचं नाव पुकारलं. आमच्याकडे मानकऱ्याच्या पेल्यालाही नाव असतं. त्याचं स्वतःचं, दुसऱ्या कुणाचं नाही. वाढणारा करवंटीचा पेला घेऊन त्याच्यापुढे जातो. तो चार थेंब जमिनीला देतो, 'कल्याण असो' म्हणतो आणि पितो. बाकीचे एका सुरात 'आयुष्य लाभो' म्हणतात.

ग्वेंडाची पाळी आली. तिने पेला घेतला आणि हसत बसली. मानकरी वाट बघत राहिले. कुणी हललं नाही. बाहेर एक डुक्कर घराला पूर्ण वळसा घालून गेलं.

"कल्याण असो म्हण, बाई," मोएलांगी मागून कुजबुजली. "नाहीतर आम्ही संध्याकाळपर्यंत असेच बसू."

ग्वेंडा म्हणाली. घर दणाणून उत्तर आलं. ती इतकी दचकली की आवा अंगावर सांडला. मोएलांगी म्हणाली, "घाबरली! सिनेमा चालणार."

पण पटकथा चालेना. ती लिहायचं काम माझ्याकडे होतं.

आम्ही तिघं, मावशी, फिलेमोनी आणि मी, त्याच मोठ्या घरात बसायचो. मध्ये कोकोची किटली आणि नारळाच्या दुधातले पाव. मावशीपुढे दोन पाव, आमच्यापुढे एकेक. फिलेमोनी चहूकडे बघायचा. खांब, खांब, खांब आणि त्यांच्यामधून समुद्र, रस्ता, शेजाऱ्याचे दोरीवरचे कपडे.

"मावशी, भीतीला दार लागतं," तो म्हणाला. "दार करकरतं. जिना असतो. कोपरा असतो, त्याच्या पलीकडे काहीतरी असतं. इथं तर पलीकडे काय आहे ते गावभर दिसतंय. ती बघ, आपली आत्याच चाललीय."

"दार असलं की माणूस ते लावतो आणि सुटतो," मोएलांगी म्हणाली. "आमच्याकडे लावायला काही नाही. म्हणून तर."

"ते वाचताना ठीक आहे. दाखवू काय?"

"तू ऑकलंडला शिकलास ना? मला काय विचारतोस?"

मग प्रार्थनेचा प्रसंग. सगळं पुस्तक त्याच्यावर उभं. मी तो पाच वेळा लिहिला, पाच वेळा फाडला. शेवटी फिलेमोनीनेच नेमकं बोट ठेवलं.

"पुस्तकात सगळ्यांचे डोळे मिटलेले आहेत," तो म्हणाला. "म्हणून वाचणाऱ्याचेही मिटतात. पण कॅमेऱ्याला पापण्या नाहीत."

मी म्हटलं, "मग पडदाच काळा करू. नुसता आवाज."

ही कल्पना मला फार ग्रेट वाटली होती. मी तिच्यावर दोन दिवस तरंगत होते.

आणि काळा पडदा उजळला की खांबाशी मानकऱ्याचं भूत दाखवायचं, असं ठरलं. भुतासाठी गावातला सगळ्यात चांगला नट घेतला. सामासोनी. तो विनोदी नाटकं करतो. आमच्याकडे विनोदी नाटकाला भुतांचं घर म्हणतात. त्यात भूत होऊन आलेला नट मानकऱ्यांचीही टिंगल करू शकतो, कारण बोलतंय ते भूत, तो नाही. सामासोनी तीस वर्षे भूतच होत आला होता. त्याच्याहून चांगलं भूत कुठून आणणार? आम्हा तिघांपैकी एकालाही यात काही चुकतंय असं वाटलं नाही. तिघंही मूळचे इथलेच, तरी. ग्वेंडाने फक्त विचारलं, "याला बघून पोरं हसतायत का?" आम्ही म्हटलं, "तो लाडका आहे."

सिनेमा जोडून झाला. ग्वेंडाला तो आधी गावाला दाखवायचा होता. "ज्यांचं भूत आहे ते घाबरले तर जग घाबरेल," ती म्हणाली. चर्चच्या हॉलच्या खिडक्यांना चटया लावल्या. दुपारी सगळं गाव आलं.

पहिला अर्धा तास लोक शांत होते. प्रार्थना सुरू झाली. पडदा काळा झाला.

"वीज गेली!" मागून कुणीतरी ओरडलं.

"मीटरात पैसे कुणी भरायचे होते?"

"साइली! तुला सांगितलं होतं ना!"

"भरलेत! देवाशपथ भरलेत!"

काथ्याचा आवाज कुणाला ऐकूच गेला नाही. पडदा उजळला. खांबाला टेकून सामासोनी बसला होता. तोंडाला राख, डोळे फिरवलेले.

हॉल फुटला. बाया एकमेकींच्या अंगावर पडून हसत होत्या. एक म्हातारा हसता हसता बाकावरून घसरला. सामासोनी स्वतः दुसऱ्या रांगेत पोट धरून बसला होता. "अरे, माझं नाक बघा!" तो ओरडत होता. "पडद्यावर केवढं दिसतं!"

एकटे सेउमालो हसले नाहीत. ते गावचे सगळ्यात जुने मानकरी, सिनेमा त्यांच्याच मोठ्या घरात काढलेला. ते उठले, काठी आपटली. हॉल गप्प झाला.

"त्या खांबाला हा टेकला कसा?" ते म्हणाले. त्यांचा आवाज कापत होता. "कुणी बसवला याला तिथं?"

"आजोबा, तो सिनेमा आहे," फिलेमोनी म्हणाला.

"खांब सिनेमातला आहे का? माझ्या घराचा आहे तो!"

ते निघून गेले.

बाहेर ग्वेंडाने मला सगळं इंग्रजीत सांगायला लावलं. मी सांगितलं.

"लोक भुताला हसतात," ती म्हणाली, "आणि म्हातारे जागेवरून भांडतात. मोएलांगी, मला तुझी गोष्ट आवडते. पण ते घर पडद्यावर घाबरवत नाही. ऑकलंडला माझ्या ओळखीचं एक लाकडी घर आहे. जिना आहे, तळघर आहे. गोष्ट तिथे नेऊ. इंग्रजीत करू."

फिलेमोनी बुटांकडे बघत होता. करार सगळ्यांना पाठ होता.

मोएलांगी पंख्याने वारा घेत राहिली. मग म्हणाली, "एक प्रसंग पुन्हा करू दे. गावाला पुन्हा दाखवू. परत हसले तर तुझं तळघर."

"एकच," ग्वेंडा म्हणाली.

आम्ही दोघी घराकडे निघालो. मला रडू येत होतं. मावशी मात्र भराभर चालत होती. लग्नाची घाई असल्यासारखी.

"सेउमालोंना राग आला असं वाटलं का तुला, पदवीधर?"

"काठी आपटली त्यांनी."

"घाबरले होते ते. अख्ख्या हॉलमध्ये तेवढा एकच माणूस घाबरला, आणि आपण त्याला समजावत बसलो." ती थांबली. "भुताला इथं कोण भितं? खांबाला भितात. तिथं कुणी बसवलं की संपलं. तो खांब रिकामाच राहिला पाहिजे आणि सगळ्यांनी तो भरलेला असल्यासारखं वागलं पाहिजे. प्रार्थना काढून टाकू. आवाची बैठक घेऊ. त्याच्या पेल्याचं नाव पुकारू."

"प्रार्थना काढायची?" मी म्हणाले. "मावशी, पुस्तकातलं सगळ्यात चांगलं पान आहे ते."

"माहीत आहे. मीच लिहिलंय."

"मग?"

"ते वाचायचं पान आहे. बघायचं नाही." ती पुढे चालू लागली. "मी रेडिओवर मेला म्हणते का कधी?"

सेउमालोंकडे ती एकटी गेली. बरोबर विणलेली चटई नेली, माफीची. परत आली तेव्हा त्यांनी होकार दिला होता. अट एकच. त्या खांबाशी कुणी बसायचं नाही. कॅमेराही नाही.

शनिवारी सकाळी ऊन लख्ख होतं. झावळ्यांचे विणलेले पडदे सगळे वर गुंडाळलेले. खरे मानकरी आपापल्या खऱ्या खांबांना बसले. मग भांडण सुरू झालं. गोष्टीतल्या मानकऱ्याच्या पेल्याला नाव हवं होतं, आणि कुणाचं खरं नाव वापरायचं नव्हतं. नवं रचायचं. बैठकीत भाषणं करणारे वक्ते मानकरी पेटले.

"वादळात न उलटलेली होडी."

"हे तुमच्या मामाकडच्यासारखं वाटतं."

"मग तुम्हीच सांगा! तुमच्या आजोबांनी तर पेल्याऐवजी बादलीच मागितली असती!"

ग्वेंडा घड्याळ बघत होती. मोएलांगीने तिला पाव दिला. "करू दे," ती म्हणाली. "नाव खरं झालं तर माणूस खरा होईल."

सूर्य डोक्यावर आला तेव्हा नाव ठरलं. सगळ्यांना पसंत पडलं. एक म्हातारे तर डोळे पुसू लागले. जो माणूस कधी नव्हताच, त्याच्यासाठी.

फिलेमोनीने कॅमेरा घराबाहेर ठेवला, नीरफणसाच्या झाडाखाली. खांबांमधून आत बघणारा. हलणार नाही असा. भिंत नव्हती म्हणूनच तो तिथे ठेवता आला. पेनियामिना नावाचा धिप्पाड तरुण वाढायला होता. मोएलांगीने त्याला एवढंच सांगितलं: त्या खांबापुढे जा, वाक, पेला दे, नेहमीएवढा वेळ थांब, परत घे. गुपचूप जमिनीत ओतून दे. आमच्या घरांची जमीन गोट्यांची. पेलाभर आवा कधी जिरला ते कळतही नाही.

पुकारणाऱ्याने नाव पुकारलं. पेनियामिना उठला. पेला काठोकाठ भरलेला. तो हळूहळू घराच्या गोल टोकाकडे गेला. रिकाम्या खांबापुढे वाकला. दोन्ही हात पुढे केले. मानकऱ्यांनी माना खाली घातल्या. मागे समुद्र चमकत होता. एक कोंबडी पिलं घेऊन खांबापर्यंत आली आणि वळून गेली. हे कुणी ठरवलं नव्हतं.

पेनियामिना नेहमीएवढा वेळ थांबला.

मग सगळे मानकरी एका सुरात म्हणाले, "आयुष्य लाभो."

फिलेमोनीचा हात वर गेला होता, थांबवायला. तो तसाच हवेत राहिला. पटकथेत ते उत्तर नव्हतं. मीच लिहिली होती. उत्तर असणारच कसं? 'कल्याण असो' म्हणणारं तिथे कुणी नव्हतं.

पेनियामिना वळला. त्याने रिकामा पेला उपडा धरला. एक थेंब पडला नाही. पेनियामिनाचा चेहरा पांढराफटक झाला होता.

कॅमेरा बंद झाल्यावर फिलेमोनीने विचारलं, "आधी कोण बोललं?"

"मी नाही," सेउमालो म्हणाले. "याचं ऐकून मी म्हटलं."

"मी? मी तर तुमच्या मागून म्हटलं."

"अहो, मला ऐकू आलं म्हणून मी म्हटलं."

"काय ऐकू आलं?"

ग्वेंडाच्या पाळीला हेच लोक तिच्या तोंडाकडे बघत बसले होते. शब्द येईपर्यंत हलले नव्हते. सवय, मी स्वतःला सांगितलं. आयुष्यभराची सवय. पेनियामिनाला मी काही विचारलं नाही. अजूनही विचारलेलं नाही.

मोएलांगी झाडाखाली उभी होती. पंखा थांबला होता. "याला हात लावू नकोस," ती फिलेमोनीला म्हणाली. "संगीत नाही. काही नाही."

पुढच्या आठवड्यात पुन्हा तोच हॉल. त्याच चटया. लोक हसायच्या तयारीनेच आले होते. खाऊ आणला होता. सामासोनी पहिल्या रांगेत. "माझं नाक कधी येणार?" तो मोठ्याने विचारत होता. ग्वेंडा माझ्या शेजारी. मोएलांगी अगदी मागे, दाराशी, उभी.

उन्हातली बैठक पडद्यावर आली. लोकांनी आपले मानकरी ओळखले. "बघ, आजोबा! केस विंचरलेत आज!" खसखस पिकली. मी ग्वेंडाकडे पाहिलं.

नाव पुकारलं गेलं. खसखस थांबली. ते नाव कुणी आधी ऐकलं नव्हतं, पण ते नाव होतं. पेनियामिना चालत गेला. वाकला. दोन्ही हात पुढे.

हॉलमध्ये कुणी खोकलं नाही.

आणि मग पडद्यावरच्या मानकऱ्यांनी तोंड उघडायच्या आधी हॉलच उत्तरला. सगळा हॉल. म्हातारे, बाया, पोरं, पाद्रीबाई. हलक्या आवाजात, रोजच्यासारखं.

"आयुष्य लाभो."

पाठोपाठ पडद्यावरून तेच आलं. पेला उपडा झाला. कोरडा.

आपण कुणाला उत्तर दिलं, हे लोकांना तेव्हा कळलं. मला ते माझ्या बाकाच्या लाकडात जाणवलं. सगळा बाक आक्रसला. माझ्या मागच्या बाईने तान्ह्या पोराचं डोकं छातीशी दाबलं. सामासोनी पाय वर घेऊन बसला. ग्वेंडाने माझं मनगट पकडलं.

"काय म्हणाले ते?" तिने विचारलं. तिला आमची भाषा येत नाही.

मी सांगू शकले नाही. मीही म्हटलं होतं.

सिनेमा संपला. कुणी उठेना. चटया काढल्या तर बाहेर चार वाजताचं ऊन. तरी कुणी उठेना. शेवटी पाद्रीबाई म्हणाल्या, "आपण सगळे बरोबरच जाऊ." आणि सगळं गाव एका घोळक्यात, भर उन्हात, एकमेकांचे हात धरून घरोघर सोडत सोडत निघालं. सेउमालोंना सोडायला तर वीस माणसं गेली. ते आपल्या घराच्या उंबऱ्याशी, म्हणजे जिथे उंबरा असता तिथे, थांबले आणि वळून मोएलांगीला म्हणाले, "हरामखोर पोरी. छान केलंस."

मोएलांगी इतकी हसली की भिंगांवर वाफ आली.

"माझा प्रसंग काढलात," सामासोनी कुरकुरला. "मी असतो तर हसून मोकळे झाले असते सगळे. आज माझी बायको मला एकट्याला झोपू देणार नाही. तेवढाच फायदा."

ग्वेंडा रस्त्याच्या कडेला उभी होती. "तळघर रद्द," ती म्हणाली. मग थोड्या वेळाने, "मला आज कुणाच्या तरी घरी झोपता येईल का? भिंती असलेल्या."

"गावात तशी खोली एकच आहे," मोएलांगी म्हणाली. "चर्चची कोठी. पण आत एकटी झोपशील का बघ."

ती आम्हा दोघींच्या मधोमध झोपली.

सिनेमा आपियात लागला आणि लागूनच राहिला. ऑकलंडला लागला तेव्हा मी गेले होते. पुढे तिथले लोक, मागे आमचे लोक. पेला पुढे झाला आणि मागच्या अंधारातून उत्तर आलं. पुढचे सगळे एकदम मागे वळले. त्यांना शब्द कळला नव्हता. पण त्यांचे चेहरे मी पाहिले. मी तिथूनच मावशीला फोन लावला. बोलता आलं नाही. तिने बराच वेळ माझा श्वास ऐकला आणि म्हणाली, "वळले ना? मला माहीत होतं, पदवीधर."

ती अजून बातम्या वाचते. अजून त्याच बसने जाते. आता तिच्या शेजारी जागा मिळावी म्हणून पोरी भांडतात.

परवा मी तिच्याबरोबर बाजारात होते. तिने तारोचा भाव विचारला. बाई दचकली. तिने आधी मोएलांगीकडे पाहिलं, मग तिच्या खांद्यावरून मागे, रिकाम्या वाटेकडे.

"कोण आलं?" तिने विचारलं.

मोएलांगीने पिशवी पुढे केली. "चार दे," ती म्हणाली. "मोठे."